हत्तीच्या पायाखालची चंद्रकोर

आमच्या मुलुंडच्या घरात जुनं नाणं आलं की आधी पंखा बंद व्हायचा, मग रेडिओ, आणि शेवटी आईचा कुकर. पंख्याच्या वाऱ्याने सराफी काटा हलतो, रेडिओने अण्णांचं लक्ष हलतं आणि कुकरच्या शिट्टीने म्हणे टेबलच हलतं. हे शेवटचं आईला कधीच पटलं नाही. "दोन हजार वर्षं जमिनीखाली राहिलेलं नाणं माझ्या शिट्टीला घाबरतंय होय?" असं ती स्वयंपाकघरातून ऐकवायची, पण गॅस बंद करायची. डाळ अर्धी शिजलेली, मे महिन्याचा घाम, बाहेर औषधाच्या कारखान्याचा भोंगा, आणि मधल्या खोलीत इस्त्रीच्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, चिमट्याने पितळेची इवलीशी वजनं पारड्यात ठेवताहेत. एरवी घरात ते बनियन आणि लेंग्यावर असत. शर्ट ते ऑफिसला, लग्नाला आणि नाण्याला घालत.

ईशान, तारा, मागच्या सुट्टीत तुम्ही माझा शिवणाचा डबा उपसलात तेव्हा बटणांमध्ये तुम्हांला शिशाची एक जड चकती सापडली होती, तिच्यावर सोंड वर केलेला हत्ती होता. "आजी, हे काय?" असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. तेवढ्यात तुमची विमानतळाची टॅक्सी आली. मला अर्धवट राहिलेलं काम आवडत नाही, म्हणून ती गोष्ट आता लिहून पाठवते. कंटाळा आला तर मधली पानं गाळू नका. शेवट समजणार नाही.

अण्णा एका विमा कंपनीत कारकून होते. बी.ए.ची दोन वर्षं करून घरच्या अडचणीमुळे त्यांनी कॉलेज सोडलं होतं, आणि ती न मिळालेली पदवी ते आयुष्यभर शर्टाच्या आत बाळगून होते. त्यांच्या हाताखाली काम शिकलेली पोरं साहेब झाली, अण्णा त्याच खुर्चीत राहिले. ऑफिसात त्यांना कुणी काही विचारत नसे. पण नाण्यांच्या जगात ते नाणेमित्र मंडळाचे चिटणीस होते. हे मंडळ चार माणसांचं होतं, त्यामुळे प्रत्येकाला एकेक पद होतं. घाटकोपरचे निवृत्त मुख्याध्यापक पाटणकर सर अध्यक्ष. बोरिवलीचे दातांचे डॉक्टर कीर्तने उपाध्यक्ष. अंधेरीला खिळे-स्क्रूचं दुकान असलेले मेहताशेठ खजिनदार. नुसता सभासद असा त्या मंडळात कुणीच नव्हता. महिन्यातून एका रविवारी सकाळी चौघं आमच्याकडे जमत, आईच्या हातचे दडपे पोहे खात आणि एकमेकांच्या नाण्यांना मोठ्या सभ्यपणे नावं ठेवत.

नवीन नाण्याचा रिवाज अण्णांनी एका वहीत लिहून ठेवला होता आणि त्यात काना-मात्रेचा बदल चालत नसे. आधी हात साबणाने धुवायचे. मग वजन, मग व्यास, तोही तीन दिशांनी. मग नाण्याला अंघोळ. त्यासाठी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलेलं असे, आणि भांडं म्हणून आईच्या रुखवतातली स्टीलची वाटी. नाण्याचं पाणी पडलेली वाटी पुन्हा जेवणाला वापरायची नाही, हाही रिवाजच. बारा वाट्यांपैकी माझ्या दहावीपर्यंत तीन उरल्या होत्या आणि आम्ही घरात माणसंही तीन होतो, त्यामुळे पाहुणा आला की आई आमटी कपात द्यायची.

अंघोळ झाली की नाणं बाजूला बसायचं. हा शब्द आईचा. शिशाच्या नाण्याला कधी पांढरी भुकटी धरते, तांब्याच्या नाण्याला हिरवी. एकाची दुसऱ्याला लागू नये म्हणून नवं आलेलं प्रत्येक नाणं एकवीस दिवस खिडकीतल्या डब्यात वेगळं ठेवत. त्या काळात त्याला कुणी शिवायचं नाही, त्याच्याबद्दल मत द्यायचं नाही, ते खरं की खोटं हेही बोलायचं नाही. आता गंमत अशी की अण्णा सुधारक होते. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी आपल्या आईशी भांडून माझ्या आईचं चार दिवस बाहेर बसणं बंद केलं होतं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. आई त्या डब्याकडे बघून म्हणायची, "मला चार दिवसांतून सोडवलंत आणि ह्या नाण्याला एकवीस दिवस बसवलंत." अण्णा म्हणायचे, "हे शास्त्र आहे." आई म्हणायची, "तुमच्या आईही हेच म्हणायच्या."

एकविसाव्या दिवशी नाण्याला नंबर मिळे. ते कार्डासकट लोखंडी कपाटात जाई आणि घरात शेवयांची खीर होई.

या सगळ्यात माझं काम तीन प्रकारचं होतं. अण्णांनी हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं, म्हणून कार्डं इंग्रजीत मी लिहायची. नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून त्याचा ठसा मी उठवायची. आणि तिसरं, नाण्याची प्लास्टरची प्रतिकृती. कीर्तने डॉक्टर दाताचा साचा घ्यायचं गुलाबी मेण आणि पिवळं प्लास्टर आणून देत. मेण कोमट पाण्यात मऊ करायचं, त्यात नाणं दाबायचं, अलगद काढायचं, आणि त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. डॉक्टरांचं सामान इतकं उत्तम होतं की हत्तीच्या पायाची नखंसुद्धा उठत. प्रतिकृती बिघडली तर ती हातोडीने फोडायची आणि चुकांच्या वहीत सही करून नोंदवायची. त्या वहीत माझ्या इतक्या सह्या होत्या की बँकेत खातं उघडलं तेव्हा माझी सही घोटीव निघाली.

नाणी आणून देणारे परबमामा कुर्ल्याला राहत. मालवणकडचे, आईच्या माहेरच्या बाजूचे. गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा उद्योग धरला. नाशिक, पैठण, जुन्नर, नदीकाठच्या गावांतून फिरायचे, वाळू चाळणाऱ्या लोकांना गाठायचे आणि रुमालाच्या गाठीत नाणी बांधून आणायचे. दारात चपला काढताना नेहमी म्हणायचे, "माका काय कळतां साहेब? मी गिरणीतलो माणूस. तुमी बघा नि सांगा." अण्णांना हे वाक्य फार आवडे. त्यांना उभ्या मुंबईत असं सांगणारा तो एकच माणूस होता.

मी अकरावीत असताना मामांनी तो हत्ती आणला. सातवाहनांचं शिशाचं नाणं, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. अण्णांच्या कपाटातलं ते सगळ्यात सुंदर नाणं ठरलं. त्याचा साचा घेताना मी घाई केली, कारण मैत्रिणीकडे जायचं होतं. मेणातून नाणं उचलताना माझ्या उजव्या अंगठ्याचं नख हत्तीच्या मागच्या पायाखाली रुतलं. मला कळलंच नाही. प्लास्टर सुकल्यावर बघते तर पायाखाली एक बारीक उंचवटा आलेला. मी दुसरा साचा घेतला, तो छान आला, तो खणात गेला. पहिला फोडून वहीत लिहायला हवा होता. पण त्या महिन्यात माझ्या सहा सह्या झाल्या होत्या. नेमके परबमामा चहाला बसले होते आणि अण्णा त्यांना सांगत होते, "असला आणखी एक मिळाला तर बघा. ओळखायला सोपं जावं म्हणून मेधा तुम्हांला प्रतिकृती देईल." मेधानं, म्हणजे मी, बिघडलेली दिली. गिरणीतल्या माणसाला काय कळतं, असं तिनेही मनात म्हटलं.

चारेक महिन्यांनी एका रविवारी मामा आले ते जिन्यातून मागे बघत. रुमालाची गाठ सोडण्याआधी त्यांनी आम्हांला खिडकी लावायला सांगितली. "साहेब, कुणाक सांगू नकात. तुमच्या मंडळातसुद्धा नको. एकच गावला हा. सरकारान ऐकलां तर माका नि तुमका दोघांकय नेतली."

हत्ती. तसाच, सोंड वर केलेला. पण मागच्या पायाखाली एक चंद्रकोर.

पंखा, रेडिओ, कुकर. अण्णांनी वजन चारदा केलं. आधीच्या हत्तीपेक्षा वजन थोडं कमी भरलं. अण्णा म्हणाले, "झीज." व्यास सगळीकडून केसभर लहान. "झीज." कडेला कानशीने घासल्यासारख्या रेघा होत्या, तीही झीज. चंद्रकोरीचं डावं टोक तुटकं होतं. भिंगातून ते टोक पाहताना अण्णांनी जवळजवळ मायेने मान हलवली. "दोन हजार वर्षं म्हणजे झीज होणारच."

बाजूला बसलेल्या नाण्याबद्दल मत द्यायचं नाही हा नियम अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला, तोही त्याच दुपारी. सातवाहनांच्या नाण्यांवर अशी चंद्रकोर त्यांच्या पाहण्यात नव्हती. ती असते त्यांच्या शत्रूंच्या, क्षत्रपांच्या नाण्यांवर. मग हत्तीच्या पायाखाली शत्रूची कोर कशी? अण्णा खोलीत येरझारा घालत म्हणाले, "सोयरीक! क्षत्रपांची मुलगी सातवाहनांच्या घरात आली असणार. कोर तिच्या माहेरची."

"हत्तीच्या पायाखाली?" आईने आतून विचारलं. "माहेरची खूण पायाखाली ठेवली म्हणजे मुलगी सुखात नव्हती हो."

अण्णांनी तेही टिपून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांनी पुण्याच्या एका परिषदेला पत्र घातलं आणि उत्तर आलं की हिवाळ्यातल्या अधिवेशनात तुम्हांला निबंध वाचायला पंधरा मिनिटं दिली आहेत. ते पत्र त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट बदलला की पत्र बदललेल्या शर्टात जायचं. ऑफिसात दाखवलं असावं, कारण एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज साहेबांनी मला बसा म्हटलं." एवढंच म्हणून हात धुवायला गेले. ते पंधरा मिनिटांचं पत्र म्हणजे त्यांची बी.ए.ची राहिलेली वर्षं होती, हे मला तेव्हाही कळत होतं. निबंध ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. नाव होतं, हत्ती प्रकारातला एक नवा, चंद्रकोरयुक्त उपप्रकार.

निबंधासाठी साचा हवा म्हणून नियम दुसऱ्यांदा मोडला गेला आणि नवव्या दिवशी नाणं डब्यातून बाहेर आलं. या वेळी मी घाई केली नाही. मेणात नाणं दाबलं आणि कडेला धरून सावकाश उचललं. खळग्यात हत्ती उमटला, पायाखाली चंद्रकोरीची खाच उमटली. काहीतरी चिकटलंय का म्हणून मी त्या खाचेवरून अंगठा फिरवला, आणि माझं नख तिच्यात जाऊन बसलं. म्हणजे नीट बसलं, डबीला झाकण बसावं तसं. डाव्या कोपऱ्यात नख अडलं नाही, कारण तो कोपरा मी लहानपणापासून कुरतडत आले होते आणि कोरीचं डावं टोकही तिथेच तुटलं होतं.

मी खणातली प्रतिकृती काढून शेजारी ठेवली. हत्तीच्या पाठीवरचा ओरखडा, कडेचा टवका, सगळं जिथल्या तिथे. हाताने पाडलेली दोन नाणी अशी कधीच जुळत नाहीत, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. शिसं काय, घरच्या स्टोव्हवर पळीत वितळतं; हा हत्ती माझ्या बिघडलेल्या प्रतिकृतीवरूनच ओतला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती.

"आई, सातवाहनांच्या घरात कुणाची मुलगी आली नाही."

"बरं."

"ते माझं नख आहे."

मी सगळं सांगितलं. आईने नारळ खाली ठेवला, माझा अंगठा हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग तिला हसू आलं, मग तिने ते पदराने पुसलं. "त्यांना सांग. परिषदेच्या आधी सांग. तिथे कुणीतरी दाखवून दिलं तर ते पुन्हा शर्ट घालायचे नाहीत." नारळ पुन्हा उचलत म्हणाली, "मला सांगायला लावू नकोस हं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल वाट्यांचा राग काढतेय."

मी त्याच संध्याकाळी गेले. अण्णा निबंधाच्या कागदांवर वाकले होते. "अण्णा, त्या नाण्याबद्दल बोलायचंय." त्यांनी मान वर न करता बोट वर केलं. "एकवीस दिवस झाले?" मी म्हटलं, नाही. "मग मत नाही." नियम तिसऱ्यांदा मोडायला ते तयार नव्हते, कारण आता तो दुसऱ्याने मोडायचा होता. नंतरच्या बारा दिवसांत मी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याच बोटाकडे बघून परत आले. खरं सांगायचं तर परत येताना हायसं वाटायचं. तुमच्या आजीच्या नीटनेटकेपणाचं तुम्ही कौतुक करता ना, त्यातला निम्मा नीटनेटकेपणा म्हणजे अवघड काम योग्य दिवसावर ढकलणं.

एकविसावा दिवस मंडळाच्या रविवारी आला. परबमामांनी गुप्तता पाळायला सांगितली होती, पण अण्णांना निबंधाआधी मंडळाची मान्यता हवी होती. दडपे पोहे, वर ओलं खोबरं आणि तळलेली मिरची, कपांमध्ये चहा. अण्णांनी पाटावर काळी मखमल पसरली, डबा उघडला आणि नाणं मधोमध ठेवलं. "सद्गृहस्थहो," ते म्हणाले. एरवी ते नुसतं मंडळी म्हणत. "जगातला एकमेव ज्ञात नमुना."

पाटणकर सरांचा पोह्यांचा चमचा तोंडाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, भिंग लावलं आणि फार वेळ बघितलं. बघता बघता त्यांचा डावा हात कोटाच्या आतल्या खिशाशी गेला आणि तिथेच राहिला. मग भिंग डॉक्टरांकडे गेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा हात पँटच्या खिशाकडे गेला. मेहताशेठ वाकले, त्यांनी स्वतःची कनवटीच चाचपली. मी मिरच्यांची ताटली घेऊन उभी होते. तिघं मोठे लोक तिन्ही बाजूंना स्वतःला चाचपत बसलेत, हे काय चाललंय ते मला कळेना. घामोळं असावं असं वाटलं.

पाटणकर सर सावकाश म्हणाले, "अस्सल आहे."

"शंकाच नाही," डॉक्टर घाईने म्हणाले.

"हंड्रेड टक्का," मेहताशेठ म्हणाले. "पण एकमेव कशावरनं म्हणतो तू? एखादा बीजा पण असेल ना कुठे."

"असेल, असेल," सर म्हणाले. "एकमेव हा शब्द काढा. बाकी अस्सल."

अण्णांना एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. या तिघांनी आजवर त्यांच्या कुठल्याच नाण्याला पहिल्या फेरीत अस्सल म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. सरांनी ठराव मांडला की मंडळाने इंग्रजीत प्रमाणपत्र द्यावं, चौघांच्या सह्यांनी, आणि ते परिषदेत वाचावं. "मेधा, कागद घे."

मी कागद घेतला, मंडळाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. आम्ही खाली सह्या करणारे, इथपर्यंत लिहिलं आणि पुढे पेन जाईना. अण्णांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून पुण्याचं पत्र आरपार दिसत होतं.

"अण्णा, आज एकविसावा दिवस आहे."

"हो, मग?"

"ते माझं नख आहे."

मी एका दमात सगळं सांगितलं. मेण, मैत्रीण, न फोडलेली प्रतिकृती, परबमामांचा चहा. बोलून झालं तेव्हा स्वयंपाकघरातला खवणीचा आवाजही थांबला होता.

"काहीतरीच काय बोलतेस गं," पाटणकर सर म्हणाले. "सोळा वर्षांची पोर! क्षत्रपांची कोर आहे ती."

कीर्तने डॉक्टरांनी मात्र बॅग पुढे ओढली. माणसाच्या तोंडाचे साचे घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी बॅगेतून मेणाची पट्टी काढली, गरम पाणी जवळ नव्हतं म्हणून ती सरांच्या चहात बुचकळली, आणि रोग्याला आ कर म्हणावं तसं मला म्हणाले, "अंगठा." त्यांनी तो मेणात दाबला. मग एका डोळ्याला भिंग लावून एकदा मेण, एकदा नाणं, एकदा माझं नख, असं तीनदा बघितलं.

"डावा कोपरा खातेस तू."

"हो."

"नको खाऊस," ते म्हणाले, आणि भिंग काढून ठेवलं.

"वाट लागली," मेहताशेठ पुटपुटले.

"अहो, पण मग माझ्यावरही तीच—" पाटणकर सर बोलून गेले आणि थांबले. आता उशीर झाला होता. त्यांनी कोटाच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला, त्यात हत्ती. डॉक्टरांनी दाताच्या औषधाची डबी काढली, त्यात हत्ती. मेहताशेठनी कनवटीतून रबरबँड लावलेली पुडी सोडली. काळ्या मखमलीवर चार हत्ती एकाच दिशेला सोंडा वर करून उभे राहिले, प्रत्येकाच्या मागच्या पायाखाली माझं नख. चौघांनाही मामांनी सांगितलं होतं, कुणाक सांगू नकात, एकच गावला हा. आणि चौघांनीही ते मंडळापासून लपवलं होतं. अण्णांनीच काय ते एकवीस दिवस दम धरून उघड केलं होतं.

आई चहाची दुसरी फेरी घेऊन आली. पाटाकडे बघून म्हणाली, "अगंबाई! माझ्या वाट्यांचा नाही झाला, पण तुमचा सेट पुरा झाला की."

कुणी हसलं नाही. सरांचा चहा मेणाच्या वासाचा झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. जाताना मात्र प्रत्येकाने आपापला हत्ती आठवणीने उचलला. दारात पाटणकर सर अण्णांच्या कानाशी म्हणाले, "बाकीचे तीन ओतीव आहेत हे मान्य. पण माझा मूळचा असावा."

ते गेल्यावर अण्णांनी दोन गोष्टी केल्या. मला समोर बसवून विचारलं, "बिघडलेली प्रतिकृती फोडायची असते, हे माहीत होतं तुला?" मी म्हटलं, हो. "मग?" मी अंगठा मुठीत लपवला. ते म्हणाले, "वहीत लिही." मी जवळजवळ पाच महिने उशिरा सही केली. एवढंच रागावणं. मग त्यांनी खिशातलं पत्र काढलं, घडीवरून बोट फिरवलं आणि परिषदेला उत्तर सांगितलं. मी ते इंग्रजीत लिहिलं. एकच वाक्य होतं, नाणं ओतीव निघाल्यामुळे निबंध मागे घेत आहे. आजारी आहे, रजा नाही, असं काहीही लिहिता आलं असतं. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "ओतीव निघालं ना? मग तेच लिही." पंधरा मिनिटं अशी गेली. ऑफिसात साहेबांनी पुन्हा बसा म्हटलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

परबमामा पुढच्या महिन्यात आले, चपला काढल्या आणि पाटावरचा हत्ती बघून समजले. पळून जातील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले. अण्णा म्हणाले, "का केलंत, परब?" मामांना खरंच प्रश्न कळेना. (त्यांच्या मालवणीत हाड म्हणजे आण, खयसून म्हणजे कुठून.) "साहेब, तुमीच म्हणालास, असलो आणखी एक गावलो तर हाड. खयसून हाडू? दोन हजार वर्सां झाली. तो राजा आता नवीन पाडतलो काय?" मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "चेडवान साचो दिल्यान, बरो होतो. पायाखाली थोडो खराब होतो. पण म्हटलां, साहेबांकडचो आसा, आपण कशाक हात लावा?" अण्णांनी उठून आत जाऊन इस्त्रीचा शर्ट उतरवला आणि बनियनवर बाहेर येऊन बसले. आईने मामांना पोहे दिले, कपात. आणि मी तुमच्यापासून लपवत नाही, चौघंही पुढे वर्षानुवर्षं मामांकडूनच नाणी घेत राहिले. दुसरा कोण आणून देणार होता? फक्त प्रत्येक नवं नाणं आलं की आधी माझा अंगठा मागवत.

खोट्या नाण्याला अण्णांच्या कपाटात जागा नव्हती, आणि कार्डाशिवाय घरात नाणं ठेवायचं नाही हाही नियम होता. त्यामुळे एका सकाळी आम्ही कार्डाला बसलो. धातू, शिसं. वजन, व्यास. टांकसाळ? अण्णा म्हणाले, "कुर्ला." कुणाच्या राज्यातलं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं रकाना रिकामा सोडतील.

"लिही, मेधा."

"काय लिहू?"

"तेच. मेधा."

अण्णांच्या पश्चात त्यांची नाणी एका संग्रहालयाला दिली. हे एक मी ठेवून घेतलं, कार्डासकट. त्या सुट्टीनंतर, ईशान, तू फोनवर मला कुठल्याशा परदेशी विक्रेत्याच्या यादीतला एक हत्ती दाखवलास. पायाखाली चंद्रकोर, डावं टोक तुटकं, आणि खाली लिहिलं होतं, दुर्मीळ उपप्रकार. तू विचारलंस, आजी, घ्यायचं का? मी म्हटलं, नको, माझ्याकडे अस्सल आहे.

आज हे लिहायच्या आधी मी बटणांतून ते नाणं काढलं, मेणबत्तीचं मेण मऊ करून त्यात दाबलं आणि उमटलेल्या खाचेत अंगठा ठेवून पाहिला. डावा कोपरा मी अजून खाते. पण नख जाड झालंय, त्यावर उभ्या रेघा आल्यात, आणि ते त्या खाचेत बसत नाही. दोनदा करून पाहिलं. अण्णा असते तर त्यांनी भिंगातून बघितलं असतं, जवळजवळ मायेने मान हलवली असती आणि म्हणाले असते, झीज.